पाठवणीची वही: सॉमरसेट पेट्रियट्स, हंगाम २०२५

आधी हिशेब, मग गप्पा. पेट्रियट्स हा न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरचा बेसबॉल संघ, आणि मी त्याचे सामने बघत वहीत स्कोअर लिहिते. वेळापत्रकात घरचे सामने ६९. एप्रिलमध्ये मी संकल्प सोडला होता चाळिसाचा, प्रत्यक्षात गेले चौतीसला. परगावची मैदानं तीन ठरवली होती, झाली दोन. मात्र स्कोअरबुकातले ‘ल.न.’ गेल्या वर्षीच्या १११ वरून ५८ वर आले, आणि चाळीस हुकल्याच्या दुःखापेक्षा याचा आनंद मोठा आहे.

ल.न. म्हणजे ‘लक्ष नव्हतं’. मूळ कल्पना माझी नाही. यांकीज या न्यूयॉर्कच्या बड्या संघाचा जुना शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला खेळाडू) फिल रिझुटो पुढे समालोचक झाला. त्याच्या स्कोअरशीटवर मधूनमधून ‘डब्ल्यूडब्ल्यू’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे ‘वॉझन्ट वॉचिंग’. मी फक्त त्याचं मराठी केलं. रांगेतून कुणी हॉटडॉग पास करतंय, मुलाचा फोन येतोय, आणि तेवढ्यात बॅटर आउट होऊन डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेकडे, परत निघालेला असतो. अशा वेळी शेजारच्या वहीत डोकावायचं नाही, प्रामाणिकपणे ल.न. लिहायचं, हा आमच्या फॅन क्लबातला अलिखित नियम. ज्यांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं ते पुढच्या रांगेतले आजोबा तर म्हणतात की ज्या वहीत एकही ल.न. नाही ती वही खोटी.

स्कोअरिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मैदानावरच्या नऊ जागांना आकडे आहेत: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे झेलणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट अनुक्रमे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसमनला दिला, त्याने फर्स्टला फेकला आणि दोघं आउट झाले की लिहायचं ६-४-३. सवय झाली की हा आकडा नुसता वाचून चेंडू कुठून कुठे गेला ते दिसायला लागतं. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजीत ‘के’ काढतात, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न हलवता उभाच राहिला तर उलटा ‘के’. मी देवनागरी ‘क’ काढते. उलटा क काढायला पहिल्या वर्षी फार त्रास झाला, आता हात बसलाय. आजोबांना तो क म्हणजे पिळलेली प्रेट्झेल वाटते.

या वहीला मी पाठवणीची वही का म्हणते, त्याची गोष्ट थोडी मागे जाते.

२०१२ मध्ये आम्ही सेंट्रल जर्सीत राहायला आलो तेव्हा पेट्रियट्स कुठल्याच मोठ्या संघाचे नव्हते. अटलांटिक लीग ही स्वतंत्र लीग, आणि आमचा संघ तिच्यात १९९८ पासून. ब्रिजवॉटरचं मैदान १९९९ चं, साधारण सहा हजार लोकांचं, शेजारूनच रॅरिटन व्हॅली लाइनची गाडी जाते. पहिले मॅनेजर स्पार्की लायल, यांकीजचे जुने पिचर. मी आले ते त्यांचं डगआउटमधलं शेवटचं वर्ष. तेव्हाच्या संघात बहुतेक मंडळी उतारावरची असत. मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरची लीग, पाहून आलेले, कुणीतरी सोडून दिलेले, अजून एक संधी मिळेल या आशेवर खेळणारे. कुणाची दाढी पांढरी होत आलेली, कुणाचा गुडघा पट्टीत. पण ते टिकायचे. पुढच्या वर्षी परत यायचे, आपल्याला ओळखायचे. २०१५ मध्ये आम्ही लीग जिंकलो, ती आमची सहावी ट्रॉफी, तेव्हा संघातले निम्मे लोक मला घरच्यासारखे वाटत होते.

मग २०२० च्या नोव्हेंबरात बातमी आली: मेजर लीगने खालची सगळी उतरंड नव्याने लावली, १६० संघांचे १२० केले आणि पेट्रियट्स यांकीजचा डबल-ए संघ झाले, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा. तोवर ते स्थान ट्रेंटनकडे होतं, २००३ पासून. ट्रेंटन इथून फार लांब नाही. ऑफिसातला ट्रेंटनचा एक सहकारी त्यानंतर कित्येक आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होता, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. आपल्या दारात वरात आली ती दुसऱ्याच्या दारावरून वळून.

आणि मैदानावरचं सगळं बदललं. पायऱ्या खालून वर अशा: टॅम्पा, मग हडसन व्हॅली, मग आम्ही, मग स्क्रँटन (ट्रिपल-ए), मग ब्रॉन्क्स, म्हणजे खुद्द यांकीज. आमच्याकडे येतात ती एकोणीस ते चोवीस वर्षांची पोरं, आणि येतात ती जायलाच. वाईट खेळला तर राहतो, चांगला खेळला तर जातो. ज्याच्या नावाने घसा कोरडा केला, तो मंगळवारी नसतोच. सोमवार सुट्टीचा, त्यामुळे आमच्याकडे वाईट बातम्या सोमवारी येतात. वाईट कसल्या, त्याच्या घरच्यांसाठी तो पेढे वाटायचा दिवस! पहिल्या वर्षी मला हे झेपेना. संघाचं प्रेम करायचं तर कुणावर, शर्टावर? मग एका सोमवारी मी स्कोअरबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर तारखा लिहायला सुरुवात केली: कोण, कधी, कुठे गेला. लग्नघरात आहेराची यादी ठेवतात तशी.

या वहीतली २०२२ ची पानं सगळ्यात मळलेली आहेत. अँथनी वोल्पी त्यातलाच. वाढलाय वॉचंगला, म्हणजे इथून वीस मिनिटांवर. तो आमच्याकडून स्क्रँटनला गेला आणि पुढच्या वसंतात थेट यांकीजचा शॉर्टस्टॉप. त्याच वर्षी आम्ही ईस्टर्न लीग जिंकलो, २८ सप्टेंबरला, ईरीविरुद्ध, शेवटच्या सामन्यात १५-०, आणि तोही नो-हिटर. म्हणजे समोरच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट नाही. रँडी वासकेझने आठ इनिंग टाकल्या, नववी कार्सन कोलमनने. हासोन दोमिंगेझने दोन होमरन मारले, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे. नवरात्रातली तिसरी माळ होती, बुधवार, त्या दिवशीचा रंग निळा. मी उपासाची, निळ्या कुडत्यावर निळी टोपी, पिशवीत साबुदाण्याचे वडे. सहाव्या इनिंगपासून आमच्या रांगेत ‘नो-हिटर’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, कारण उच्चारला की मोडतो. आजोबांनी दोन्ही वडे न बोलता खाल्ले. पुढे वासकेझला यांकीजने हुआन सोटो या बड्या बॅटरच्या बदल्यात सॅन दिएगोला दिलं. वहीत त्याच्यापुढे मी लिहिलंय: ‘लांब दिली.’

असो. या वर्षाकडे येते.

एप्रिलमध्ये सांगलीहून सासूबाई आल्या, सहा महिन्यांच्या बेताने. शनिवारचा कार्यक्रम ठरून गेला: ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात दर्शन, तिथल्या कँटीनमध्ये डोसा, आणि मग मैदान. पहिल्या सामन्यात त्यांनी विचारलं, “हे सगळे थुंकतात का गं सारखे?” दुसऱ्या सामन्यात विचारलं, “पळत का नाही तो? मारला ना त्याने?” (फाउल होता, म्हणजे चेंडू रेषेबाहेर.) तिसऱ्यापासून प्रश्न बदलले: “याचं गाव कुठलं? आईवडील येतात का बघायला?” हे प्रश्न मला तेरा वर्षांत कधी सुचले नव्हते, आणि खरं तर या पातळीवर तेच विचारायचे असतात. डबल-एच्या खेळाडूचा किमान पगार २०२३ च्या करारापर्यंत वर्षाला १३,८०० डॉलर होता. तो ३०,२५० झाला, तेही खेळाडूंनी संघटना केली तेव्हा. आधी ही पोरं गावातल्या लोकांच्या घरी राहायची, कुणाच्या तळघरात, कुणाच्या कॉलेजला गेलेल्या मुलाच्या खोलीत. आमच्या क्लबातल्या एका बाईंकडे अजून फ्रिजवर तीन-चार जणांच्या लग्नपत्रिका लावलेल्या आहेत. २०२२ पासून राहण्याची सोय संघांनीच करायची असा नियम झाला. चांगलाच झाला. बाईंचं तळघर मात्र रिकामं आहे.

सासूबाईंचा लाडका पिचर ठरला कॅम श्लिटलर. उंच, वॉलपोल, मॅसॅच्युसेट्सचा, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेऱ्यांत, सातव्या फेरीत घेतलेला. सातवी फेरी म्हणजे कुणाचं फारसं लक्ष नसलेली. “श्लिटलर” त्यांना म्हणवेना, त्यांनी त्याचं ‘श्लोक’ करून टाकलं. “आज श्लोक आहे का?” हा प्रश्न घरात रोज सकाळी. पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो हे त्यांना पटवायला मला दोन आठवडे लागले. तो आमच्यासाठी खेळला तोवरच्या माझ्या पानांवर क आणि उलट्या क यांची दाटी आहे, आणि त्या पानांवर ल.न. जवळजवळ नाहीतच, कारण सासूबाई मधे बोलूच द्यायच्या नाहीत.

जूनच्या सुरुवातीला त्याला स्क्रँटनला बोलावलं. सासूबाईंनी बातमी ऐकली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सांगून गेला असता तर दही-साखर तरी दिली असती हातावर.” ९ जुलैला तो यांकीजकडून पहिला सामना खेळला. वहीत एकाच ओळीत दोन तारखा.

त्याच्या ड्राफ्टमधलाच, पण पहिल्या फेरीतला, स्पेन्सर जोन्स. हा आमच्याकडे अख्खं २०२४ होता. सहा फूट सात इंच, आणि त्या वर्षी दोनशे वेळा स्ट्राइकआउट. दोनशे! माझी गेल्या वर्षीची वही उघडली तर त्याच्या ओळीत ककारांची बाराखडी आहे. लोक हुर्यो करायचे नाहीत, पण श्वास सोडायचे, सहा हजार लोकांनी मिळून सोडलेला तो उसासा मला अजून ऐकू येतो. या वर्षी परत आला आणि ४९ सामन्यांत १६ होमरन. काय बदललं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त उंच उडालेला चेंडू दिसतो आणि लिहायला चार रेघा मिळतात. जूनच्या शेवटी तोही गेला. त्याच्यासाठी मी वहीत पूर्ण पान दिलं, कारण तो टिकला होता, जुन्या अटलांटिक लीगच्या मंडळींसारखा. दीड वर्ष म्हणजे आमच्याकडे पिढी.

जागा रिकामी राहत नाही. मेमध्येच हडसन व्हॅलीहून जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर आला, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. वडील डेट्रॉइटच्या डगआउटमध्ये कोच. माझ्या आकड्यांत ६ ने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्यामुळे वाढल्या. पुढे कार्लोस लाग्रांज, शंभर मैलांच्या वर टाकणारा. त्याचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडतो तेव्हा आवाज वेगळा येतो, कुकरची शिट्टी निघण्याआधी झाकण हलतं तसा नाही, सरळ दार आपटल्यासारखा.

जूनमध्ये यांकीजचा मोठा बॅटर जियानकार्लो स्टँटन दोन्ही कोपरांच्या दुखण्यातून सावरताना आमच्याकडे सरावाला आला. २०२३ मध्येही आला होता, २०२४ मध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोल. मोठा खेळाडू दुखापतीनंतर खाली काही सामने खेळून हात मोकळा करून जातो, त्याला रिहॅब म्हणतात. त्या आठवड्यात मैदान म्हणजे आषाढीचं पंढरपूर. पार्किंग नाही, तिकीट नाही, हॉटडॉगच्या रांगेत तिसरी इनिंग संपते. आम्ही रोजचे वारकरी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतो: स्टँटन तिसऱ्यांदा बॅटिंग करून गेला की निम्मं स्टेडियम उठून जातं आणि मग आपलं आपल्याला उरतं. एक पद्धत मात्र फार गोड आहे. रिहॅबला आलेला मोठा खेळाडू जाण्याआधी सगळ्या पोरांना जेवण घालतो. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे मावंदं.” काशीहून परतल्यावर घालतात ते. इथे काशी राहिली वर आणि मावंदं खाली, पण मी वाद घातला नाही.

परगावच्या दोन फेऱ्या. रेडिंग झालं जुलैत, क्लबच्या बसने. ते मैदान १९५१ चं, आणि तो संघ १९६७ पासून फिलाडेल्फियाचाच. तिथल्या लोकांना आमच्यासारखी उलथापालथ माहीतच नाही. तिथे एक माणूस खोट्या शहामृगावर बसून येतो आणि प्रेक्षकांत हॉटडॉग फेकतो. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, बरोबर आहे. माझं त्या इनिंगचं पान: ल.न., ल.न., ल.न. ५८ पैकी तीन शहामृगाच्या नावावर.

हार्टफर्डला आम्ही गाडीने गेलो, सासूबाईंसह, आणि त्यांनी प्रवासाला म्हणून सांगलीची भडंग घेतली. दारापर्यंत पोचलो तेव्हा मला आठवलं की हार्टफर्डच्या मैदानात २०१९ पासून शेंगदाण्याला मनाई आहे, ॲलर्जी असलेल्या मुलांना निर्धास्त येता यावं म्हणून. बेसबॉलच्या मैदानात शेंगदाणा नाही म्हणजे देवळात नारळ नाही. कारण कळल्यावर सासूबाईंनी भडंगेची पिशवी स्वतःच गाडीच्या डिकीत ठेवली, आणि आत बसल्यावर नऊ इनिंग त्या भडंगेबद्दल बोलल्या. संघाचं नाव यार्ड गोट्स आहे. रेल्वेच्या यार्डात डबे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाला म्हणतात तसं. त्यांना वाटलं होतं खरंच बोकड असेल. बोकडाचा पोशाख घातलेला मॅस्कॉट आल्यावर समाधान झालं. तिसरी फेरी बिंगहॅम्टनची होती, ती पावसाने नाही, माझ्या ऑफिसने खाल्ली.

पिच क्लॉकबद्दल वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं म्हणून लिहिते. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरखालच्या सगळ्या पायऱ्यांवर, तो आजच्या कडक रूपात २०२२ मध्ये आला, वर मेजरमध्ये एका वर्षाने. पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायलाच लागतो. त्या वर्षी मायनरचा सामना सरासरी पंचवीस मिनिटांनी छोटा झाला. मला स्वतःला तो आवडतो, दुसऱ्या दिवशी नोकरी असते. पण वही लिहिणाऱ्याचे हाल होतात, आणि मागच्या बाकावरची खरी चर्चा, म्हणजे कुणाच्या सुनेला काय झालं, ती अर्धवट राहते. यंत्राने स्ट्राइक तपासण्याचं प्रकरण २०२५ मध्ये आमच्याकडे नव्हतं, ते वर ट्रिपल-एमध्ये होतं. आमच्या अंपायरला माणसासारख्या शिव्या खायला मिळाल्या.

सासूबाई गणपतीला घरी पोचायलाच हव्यात म्हणून ऑगस्टमध्ये परत गेल्या. जाताना क्लबच्या वर्गणीतून त्यांना टोपी मिळाली. आजोबांनी त्यांना हात जोडून “नमस्ते” केलं, त्यांनी आजोबांना “थँक्यू हं” केलं. तिकडे जाऊन टोपी देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे, असं नणंदेकडून कळतं. सप्टेंबर मी एकटीने काढला आणि म्हणूनच चौतीसवर थांबले.

यांकीजचे मोठे सामने नेमके आपल्या सणांत येतात. यात चमत्कार काही नाही, त्यांची बाद फेरी ऑक्टोबरात आणि आपले सणही तेव्हाच. तरी गेल्या वर्षी धनत्रयोदशीला वोल्पीने वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला तेव्हा मी दिव्यात तेल घालत होते आणि तेल ओट्यावर गेलं. या वर्षी २ ऑक्टोबरला दसरा. बोस्टनविरुद्धची मालिका १-१, निर्णायक सामना, आणि चेंडू श्लिटलरच्या हातात. वही घेऊन टीव्हीसमोर बसले. टीव्हीवरचा सामना मी एरवी लिहीत नाही, पण एप्रिलचं पान उघडून त्याच्या शेजारीच नवीन आखलं. आठ इनिंग. बारा क. एकालाही चार बॉलवर फुकट बेस नाही. आठव्या इनिंगमध्ये उंच उडालेल्या फाउलमागे धावत थर्ड बेसमन मॅकमॅहन चेंडू धरून समोरच्या डगआउटमध्ये उलटा पडला, तेव्हा मी आधी ‘फाउल, ५’ लिहिलं आणि मग ओरडले. यांकीज ४-०. ल.न. शून्य.

सांगलीत सकाळ झालीच होती. फोन लावला. सासूबाई अंघोळ करून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, बारा म्हणजे किती ते पुन्हा विचारलं.

“मग आता श्लोक तुमच्या तिकडच्या मैदानात येणार नाही का गं?”

“कुठलं आई. आता आला तर दुखापत झाली म्हणूनच येईल. तो स्टँटन आला होता तसा.”

“मग नको येऊ दे बाई,” त्या म्हणाल्या.